सहाव्या वर्षाचं काय? निसर्ग पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय करार करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
संरक्षित क्षेत्रांत निसर्ग पर्यटन वाढवण्यासाठी एकमेकांशी करार करणारी देशोदेशींची वन आणि पर्यटन खाती, त्यांना निधी देणाऱ्या संस्था, आणि या दोघांच्या मधे बसणारे आम्ही सल्लागार.

सप्रेम नमस्कार.

पत्त्यात 'आम्ही' असं लिहिलंय ते मुद्दाम. अशा प्रकल्पांचे अहवाल लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा पुढे जी तक्रार आहे तिच्यातला थोडा वाटा माझ्याही पदरात पडतो.

एका जंगलाची गोष्ट सांगतो. देशाचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट बऱ्याच देशांत घडते आणि कुणा एकाला धरून चालणार नाही. जंगल दोन देशांत पसरलेलं, पैसा तिसऱ्या देशाचा, मुदत पाच वर्षांची. या पैशातून प्रवेशद्वाराजवळ एक माहिती केंद्र उभं राहिलं. आत दोन्ही बाजूंच्या जंगलाचा मोठा उठावाचा नकाशा होता. बटण दाबलं की नदी निळी उजळायची आणि प्राण्यांच्या स्थलांतराची वाट पिवळी. उद्घाटनाला दोन्हीकडचे मंत्री आले. शेवटच्या अहवालात मी लिहिलं, 'माहिती केंद्र पूर्णपणे कार्यान्वित.' लिहिलं त्या दिवशी ते खरंच होतं.

तीन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तिकडे गेलो, तर केंद्राला कुलूप. काचेला नाक लावून आत पाहिलं. नकाशावर बुरशी चढली होती आणि निळी नदी ओलीने फुगून वर आली होती. नावाच्या पाटीमागे पाकोळ्यांनी घरटी केली होती, तेवढाच काय तो वन्यजीवांना झालेला फायदा. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, किल्ली साहेबांकडे होती, साहेब बदलून गेले. शेजारची वनरक्षकांची चौकी मात्र उघडी होती, कारण तिला दारच नव्हतं. आत बसलेल्या रक्षकाच्या पायातले बूट त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले होते. गस्त रोज वीसेक किलोमीटर, आणि बुटांसाठी तरतूद नाही. आमच्या प्रकल्पातही नव्हती. बूट म्हणजे 'आवर्ती खर्च', दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारा, आणि आवर्ती खर्च आम्ही धरत नसू.

म्हणून आपल्याला एकच गोष्ट विचारायची आहे. करारावर सही करताना सहाव्या वर्षाचं पान कुठे असतं?

पहिल्या पाच वर्षांची पानं तर पाठ झाली आहेत. क्षमता बांधणीच्या कार्यशाळा असतात (बांधलेली क्षमता पुढच्या बदलीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जाते, ते सोडा), अभ्यास दौरे असतात, बोधचिन्ह आणि संकेतस्थळ असतं, एखादी इमारत असते. सहाव्या वर्षी पगार कोण देणार, वाट कोण दुरुस्त करणार, गर्दी वाढली तर 'आज पुरे' असं कोण म्हणणार आणि पर्यटक यायचेच थांबले तर काय करायचं, याबद्दल कागद गप्प असतो. निसर्ग पर्यटन 'स्वतःच्या पायावर उभं राहील' असं एक वाक्य शेवटी असतं. मीच ते निदान पाच वेळा लिहिलं असेल.

पैसा नाही असं म्हणायला जागा नाही. निसर्ग संवर्धनाचे अभ्यासक अँड्र्यू बाल्मफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली जगभरच्या संरक्षित क्षेत्रांचा हिशोब मांडला. वर्षाला सुमारे 800 कोटी भेटी, आणि त्या भेटींमुळे त्या त्या देशांत होणारा थेट खर्च साधारण 60,000 कोटी डॉलर. याच क्षेत्रांच्या रक्षणावर जग खर्च करत होतं 1,000 कोटी डॉलरपेक्षाही कमी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं आपण म्हणतो. इथे आड भरलेला आहे आणि पोहरा भलत्याच अंगणात रिकामा होतो. हॉटेल, विमान, दलाल, वाहन यांच्यात पैसा वाटला जातो आणि ज्याच्यामुळे माणसं येतात त्या जंगलाच्या फाटकाशी चिल्लर उरते. तीही बऱ्याच देशांत सरकारी तिजोरीत जमा होते आणि वर्षभराने अंदाजपत्रकातून, आली तर, परत येते.

ही वाट बदलता येते. नेपाळने 1990च्या दशकात कायद्यातच लिहून ठेवलं की राष्ट्रीय उद्यानाच्या उत्पन्नातला 30 ते 50 टक्के वाटा भोवतालच्या बफर क्षेत्रातल्या लोकांच्या कामासाठी राखायचा. एक्वादोरने 1998च्या विशेष कायद्याने गालापागोस बेटांचं प्रवेश शुल्क कुणाकुणात कसं वाटायचं ते ठरवून दिलं. या दोन्ही देशांना बाहेरची मदत भरपूर मिळाली, अजून मिळते. पण फाटकावरचा पैसा कुठे जाईल हे त्यांनी स्वतःच्या कायद्यात लिहिलं, एखाद्या प्रकल्पाच्या जोडपत्रात नाही. प्रकल्प संपतो तेव्हा जोडपत्रही संपतं. म्हणून निधी देणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की पहिला हप्ता इमारतीला देऊ नका, तो या कायद्याला देऊन पाहा. कायदा होईपर्यंत थांबावं लागेल, फोटो निघणार नाहीत, हे कबूल.

सीमेपलीकडचं सहकार्य म्हणजे काय याचा विचार करताना मला दोन आफ्रिकी उद्यानं शेजारी शेजारी ठेवून पाहाविशी वाटतात. बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेने 1999 साली करार करून 2000 साली खुलं केलेलं कगालागादी हे पहिलं. दोन देशांची सीमा तिथे नोसोब नदीच्या कोरड्या पात्रातून जाते आणि मधे कुंपण नाही. ज्या फाटकातून आत आलात त्याच फाटकातून बाहेर पडणार असाल तर पासपोर्ट दाखवावा लागत नाही. प्रवेश शुल्काचे पैसे दोन्ही देश निम्मे निम्मे वाटून घेतात, पर्यटक कुठल्याही बाजूने येवो. करारात मोठे शब्द कमी आहेत, पण शुल्काचा आणि फाटकाचा प्रश्न मिटवलेला आहे.

दुसरं आहे काझा, म्हणजे कवांगो-झांबेझी हे सीमांपलीकडे पसरलेलं संरक्षित क्षेत्र. अंगोला, बोत्स्वाना, नामिबिया, झांबिया आणि झिंबाब्वे या पाच देशांनी 2011 साली करार केला. क्षेत्र सुमारे 5,20,000 चौरस किलोमीटर, आणि 2022च्या गणनेत त्यात 2,27,900 च्या आसपास हत्ती मोजले गेले. हत्तींना व्हिसा लागत नाही. माणसांसाठीचा सामाईक व्हिसा 2014 साली सुरू झाला तो पाचांपैकी दोनच देशांपुरता, झांबिया आणि झिंबाब्वे. बाकीच्या तिघांना त्यात आणायची चर्चा पुढे वर्षानुवर्षं चालू राहिली. काझाला नावं ठेवायची नाहीत, एवढ्या मोठ्या प्रदेशावर पाच सरकारं एका टेबलाशी बसतात हेच खूप आहे. पण नकाशावर रंग भरणं आणि फाटकावरच्या शिक्क्याचं एकमत होणं यांच्यातलं अंतर किती असतं, ते या दोन उदाहरणांत दिसतं. आपण नवा करार लिहायला बसाल तेव्हा आधी शिक्क्याचं बोला.

आता मर्यादेविषयी. इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

डोंगरी गोरिलांच्या भेटीचे नियम आपल्याला ठाऊक असतील. एका गटाला दिवसातून एकदाच पर्यटक भेटतात, आठ माणसं, एक तास. गोरिलांना माणसांचे श्वसनाचे आजार होतात, म्हणून खोकला असलेल्याला मागे ठेवतात. करोनानंतर तोंडावर मास्क आला आणि अंतर सात मीटरवरून दहा मीटर झालं. रानटी गटाला माणसांची सवय करायला साधारण दोन वर्षं लागतात. दोन वर्षं रोज जाऊन बसायचं, तेव्हा तो तास मिळतो. रवांडाने 2017 साली या तासाची किंमत 750 डॉलरवरून 1,500 केली आणि त्याच वेळी पर्यटनाच्या उत्पन्नातला भोवतालच्या वस्त्यांचा वाटा 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर नेला. दर वाढवायचा तेव्हा वाटाही वाढवायचा, ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते. इंडोनेशियाने 2022 साली कोमोडो ड्रॅगन या महाकाय सरड्यांच्या उद्यानासाठी 37 लाख 50 हजार रुपियांचं शुल्क जाहीर केलं. हेतू गर्दी आवरण्याचाच होता. पण तिथल्या पर्यटनावर जगणाऱ्यांना आपलं काय होणार हे कळलं नव्हतं. त्यांनी संप केला, निर्णय आधी पुढे ढकलला गेला, मग सोडून दिला.

गोरिलांच्या बाबतीत दुसरी अडचण अशी की त्यांना सीमा दिसत नाही. उगांडाच्या म्गाहिंगा उद्यानातला न्याकागेझी गट कित्येकदा डोंगर ओलांडून रवांडात किंवा काँगोत गेला आणि महिने महिने परत आला नाही. परवाना एका देशाने विकलेला आणि गोरिला दुसऱ्या देशात बसलेले. अशा वेळी सहकार्य हा सोयीचा शब्द राहत नाही, त्याचे पैसे मोजावे लागतात. या तीन देशांचे रक्षक एकमेकांशी बोलू लागले ते 1991 साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय गोरिला संवर्धन कार्यक्रमापासून, आणि औपचारिक तह झाला 2015 साली. मधली 24 वर्षं, त्यातली बरीचशी युद्धाची, सहकार्य चाललं ते एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या जोरावर. 2018 साली डोंगरी गोरिलांचा धोक्याचा दर्जा एका पायरीने कमी झाला, तेव्हा मोजलेले गोरिला हजाराच्या थोडे वर होते. मोठ्या वानरांत ज्यांची संख्या वाढते आहे असे हेच, आणि त्याचं श्रेय पर्यटनाच्या पैशाला आणि रोजच्या गस्तीला मिळून जातं.

इथवर सगळं छान. मग मार्च 2020 उजाडला आणि फाटकं बंद झाली. जूनमध्ये उगांडातल्या ब्विंडीत राफिकी नावाचा, 17 जणांच्या कुटुंबाचा म्होरक्या नर भाल्याने मारला गेला. मारणारा गोरिलाच्या मागावर नव्हता, लहान जनावरांच्या शिकारीसाठी जंगलात शिरला होता. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. मला त्या शिक्षेपेक्षा त्या आधीचे तीन महिने आठवतात. मार्गदर्शक, सामान वाहणारे, खोल्या भाड्याने देणारे, सगळ्यांची कमाई एकाच नळाला जोडलेली होती आणि तो नळ दूर कुठेतरी बंद झाला. जगातला सगळ्यात शिस्तीचा नमुनाही पर्यटक न आल्यावर डळमळतो, तर आपल्या करारात 'पर्यटक नाहीत' या वर्षासाठी एक ओळ तरी नको का?

अशा ओळी लिहिता येतात. भूतानने 'भूतान फॉर लाइफ' नावाची जी व्यवस्था 2017 साली उभी केली तिच्यात देणगीदारांचे 4 कोटी 30 लाख डॉलर एकदम गोळा केले, पण ते चौदा वर्षांत वापरायचे ठरले. सुरुवातीला देणगीदारांचा वाटा मोठा आणि सरकारचा लहान, मग दरवर्षी पहिला उतरत जातो, दुसरा चढत जातो. चौदाव्या वर्षानंतर काय, हे पहिल्याच दिवशी कोष्टकात आहे. ब्विंडीजवळही 1990च्या दशकात जागतिक पर्यावरण सुविधा (GEF) या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातून एक विश्वस्त निधी उभा केला गेला. मुद्दल ठेवायचं आणि व्याजावर काम चालवायचं, ही साधी जुनी कल्पना. प्रकल्प नावाच्या प्राण्यापेक्षा असे निधी जास्त जगतात. यात एक गैरसोय आहे, तीही सांगतो. यात देणाऱ्याच्या नावाची पाटी लावायला भिंत मिळत नाही.

मर्यादेकडे परत येतो. ती ठरवणं एक, आणि पाळायला लावणारा असणं वेगळं. अंटार्क्टिका कुणा एका देशाची नाही, म्हणून तिथलं पर्यटन तर सगळं सहकार्यावरच चालतं. सहल कंपन्यांनी 1991 साली स्वतःची संघटना काढली. एका ठिकाणी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत, 500 पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजातून तर कुणालाच उतरवायचं नाही, असे नियम आहेत आणि ते बऱ्यापैकी पाळले जातात. पण एका वेळी किती हे ठरलं, एका मोसमात एकूण किती हे ठरलं नाही. 2022-23च्या मोसमात आकडा एक लाखावर गेला. प्रत्येक जहाज नियमात होतं.

याच्या उलट थायलंडची माया बे. दिवसाला पाच हजारांपर्यंत माणसं त्या चिमुकल्या खाडीत येत होती. जून 2018 मध्ये ती चार महिन्यांसाठी बंद केली. चार महिन्यांनी पाहिलं तर प्रवाळाला तेवढ्याने काही होणार नव्हतं. मग बंदी वाढवली, पुन्हा वाढवली, आणि खाडी उघडली ती थेट जानेवारी 2022 मध्ये. आता नावा खाडीत शिरत नाहीत, मागच्या बाजूला लागतात, आणि दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ती पुन्हा बंद असते. काळ्या पंखटोकांचे शार्क उथळ पाण्यात परतले. तिथे बंद करण्याचा अधिकार असलेलं कुणीतरी होतं आणि त्याने तो वापरला. दोन-तीन देशांच्या सामाईक क्षेत्रात हा अधिकार कुणाकडे असतो, हे मी वाचलेल्या दहातल्या नऊ करारांत सापडत नाही. 'संयुक्त समिती योग्य निर्णय घेईल' असं असतं. समिती वर्षातून एकदा बसते. गर्दी रोज होते.

लोकसहभागाबद्दल फार बोलत नाही, कारण त्यावर प्रत्येक अहवालात एक प्रकरण असतंच आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या अहवालातून उचललेलं असतं. फक्त एक चित्र डोळ्यांपुढे ठेवा. 1991 साली ब्विंडी आणि म्गाहिंगा राष्ट्रीय उद्यानं झाली तेव्हा तिथल्या बाट्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं. आज म्गाहिंगात पर्यटकांसाठी एक खास वाट आहे, जिच्यावर बाट्वा माणसं आपले पूर्वज विस्तव कसा पाडायचे, मध कसा काढायचे हे करून दाखवतात. पर्यटक टाळ्या वाजवतात. खेळ संपला की तीच माणसं उद्यानाबाहेर जातात, कारण आत राहायची परवानगी नाही. या वाटेने त्यांना चार पैसे मिळतात हे खरं, आणि मिळायलाच हवेत. तरी ज्या कागदावर आपण 'स्थानिक लाभार्थी' असं लिहितो तो कागद हातात घेतल्यावर मला हे टाळ्यांचे आवाज ऐकू येतात.

डिसेंबर 2022 मध्ये माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की 2030 पर्यंत जमिनीचा आणि समुद्राचा 30 टक्के भाग संरक्षणाखाली आणायचा. म्हणजे येत्या काही वर्षांत नवी संरक्षित क्षेत्रं घाईने जाहीर होणार, आणि त्यांचा खर्च कसा भागवणार असं विचारलं की प्रत्येक जण निसर्ग पर्यटनाकडे बोट दाखवणार. सगळीच जंगलं पर्यटकांना आवडण्याजोगी नसतात. दलदल, खुरटं रान, दूरचा चिखलाळ किनारा, तिथे दीड हजार डॉलर देऊन कोण येईल? आणि येणारा विमानानेच येणार, त्याच्या धुराचा हिशोब वेगळाच. काही क्षेत्रांना पर्यटन लावूच नये, असंही एखाद्या अहवालात निष्कर्ष म्हणून येऊ द्या. असा अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला पुढचं काम मिळेल याची हमी मात्र आपल्यालाच द्यावी लागेल.

चिखलाळ किनाऱ्यावरून आठवलं. डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी आपल्या किनाऱ्यांलगतच्या वाडेन समुद्र या उथळ, चिखलाळ पट्ट्यासाठी 1978 पासून एकत्र काम सुरू केलं. 1987 साली सामाईक सचिवालय झालं, 2009 साली जागतिक वारसा यादीत नाव लागलं, डेन्मार्कचा भाग त्यात 2014 साली आला, आणि पर्यटनाचं सामाईक धोरण आलं तेही 2014 सालीच. आधी छत्तीस वर्षं पक्षी मोजले, सील मोजले, एकमेकांच्या कार्यालयात बसले, नियमांवरून वाद घातले, मग पर्यटनाच्या धोरणाला हात घातला. आपण हे छत्तीस वर्षांचं काम पहिल्या तिमाहीच्या कार्यशाळेत उरकतो.

पुढच्या कराराच्या मसुद्यात एक जादा पान घाला, एवढंच मागणं आहे. फाटकावरचा पैसा कुठल्या खात्यात राहील आणि त्यातून रक्षकाचा पगार, बूट आणि औषध किती, ते त्यावर आकड्यांत लिहा. क्षेत्र बंद करण्याचा अधिकार कुणाचा, पदाच्या नावासकट. एकही पर्यटक आला नाही तर बारा महिने कुठल्या निधीवर चालतील. आणि प्रकल्प संपल्यावर तीन वर्षांनी पाहणी करायला कोण येईल, त्याचा प्रवासखर्च आजच बाजूला काढून. ही पाहणी शेवटचा अहवाल लिहिणाऱ्याकडे देऊ नका. मी ती 'पूर्णपणे कार्यान्वित' म्हणून पाठवली असती.

ते माहिती केंद्र आपल्यापैकी ज्यांच्या पैशाने झालं त्यांना या वर्णनावरून ओळखू आलं असेल. साहेबांची नवी बदली कुठे झाली ते मी शोधतो आहे, आपणही आपल्याकडच्या फायलीत पाहा. किल्ली सापडली तर आधी चौकीत पोचवा. पावसात रक्षकांना बसायला दार असलेली जागा होईल.

आपला,
आपल्यातलाच एक अहवाललेखक